छावणीतली खुशाली



अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चालले. आपल्या मुलखाला त्या युद्धाची ओळख झाली ती कापसाच्या भावामुळे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली, विलायतेतील गिरण्यांना अमेरिकेची रुई मिळेनाशी झाली, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ साली युद्ध थांबताच सारा डोलारा कोसळला. हा इतिहास आपल्याकडे थोडाफार सांगितला जातो. परंतु ज्या माणसांनी ते युद्ध अंगावर घेतले त्यांचे चार वर्षांचे रोजचे जिणे कसे होते, हे भावाच्या आकड्यांवरून कळत नाही. ते कळते त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांवरून. आज आम्ही त्या पत्रांविषयी बोलणार आहोत. त्यातही लढायांच्या वर्णनांविषयी नव्हे, तर छावणीतले खाणे, पाणी, अंथरूण आणि आजार यांविषयी.

लढाया सोडून आजारच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. उत्तरेच्या सैन्यातील सुमारे ३,६०,००० माणसे मेली. त्यांपैकी लढाईत किंवा जखमांमुळे मेली ती सुमारे १,१०,०००. रोगाने मेली ती सव्वादोन लाखांच्या घरात. दोन्ही बाजू मिळून मृतांचा आकडा पुष्कळ वर्षे ६,२०,००० असा दिला जाई; अलीकडे शिरगणतीची जुनी कागदपत्रे तपासून झालेल्या अभ्यासांत तो सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. म्हणजे गोळीने एक मेला तर रोगाने दोन. शिपायाचा मोठा शत्रू समोरच्या खंदकात नव्हता. तो त्याच्याच तंबूमागे, पाण्याच्या ओढ्यात आणि शिध्याच्या पिंपात बसला होता.

आता ही पत्रे आली कोठून, ते पाहू. त्या सैन्यांत साक्षरांचे प्रमाण त्या काळच्या मानाने फार मोठे होते. उत्तरेच्या गोऱ्या शिपायांपैकी शेकडा ९० आणि दक्षिणेच्या गोऱ्या शिपायांपैकी शेकडा ८० जणांना लिहिता-वाचता येई. टपालाचा दर तीन सेंट होता; पण खिशात तिकीट नसले तरी अडत नसे. १८६१ च्या जुलैत असा कायदा झाला की, पाकिटावर ‘शिपायाचे पत्र’ असा शेरा असेल तर ते तिकिटावाचून जावे आणि पैसे घरच्यांकडून घ्यावेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिपायांची पत्रे फोडून वाचण्याची पद्धतशीर व्यवस्था त्या युद्धात नव्हती. पुढे १९१४ च्या महायुद्धात फ्रान्समधून आपल्या हिंदी शिपायांनी लिहिलेली पत्रे सेन्सॉरचे अधिकारी वाचीत आणि त्यांतले उतारे काढून ठेवीत. अमेरिकेतल्या या शिपायाच्या डोक्यावर तसा पहारा नव्हता. कप्तान दारुडा आहे, बिस्किटात किडे आहेत, तीन महिने पगार नाही, हे तो बिनदिक्कत लिही.

दक्षिणेत मात्र नाकेबंदीमुळे कागदाचाच दुष्काळ पडला. तिकडचे शिपाई आलेले पाकीट उलटे करून पुन्हा वापरीत, भिंतीला चिकटवायच्या रंगीत कागदाची पाकिटे करीत, आणि पान भरले म्हणजे ते आडवे धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. अशी पत्रे वाचताना डोळ्यांना त्रास होतो, पण लिहिणाऱ्याची निकड पटते. शुद्धलेखनाचा तर पत्ताच नाही. शब्द जसा तोंडात तसा कागदावर. शाळामास्तरांना तो दोष वाटेल; आम्हांला त्यातून त्या माणसाचा आवाज ऐकू येतो.

आपल्याकडे पूर्वी पत्राची सुरुवात ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे’ अशी होत असे. त्या शिपायांच्या पत्रांनाही तसाच ठरीव मायना असे. मी लेखणी हाती घेऊन कळवितो की माझी प्रकृती बरी आहे, आणि हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे, अशा अर्थाची ती ओळ असे. पण हा मायना म्हणजे प्रकृतीचा दाखला नव्हे. तीन ओळी पुढे गेले की कळते, गेले पंधरा दिवस हगवण आहे. ताप येऊन गेला. शेजारच्या तंबूतला आपल्या गावचा पोरगा काल गेला.

आम्हांला याचा अनुभव आहे. मोबाइल येण्यापूर्वीच्या काळात युनियनच्या कचेरीत संध्याकाळी यंत्रमागावरचे कामगार अंतर्देशीय पत्रे घेऊन येत आणि आम्ही ती लिहून देत असू. एक गृहस्थ ‘माझी तब्येत ठीक आहे’ हे वाक्य सांगताना खोकल्याने दोनदा थांबले. वाक्य मात्र त्यांनी बदलू दिले नाही. पुढे म्हणाले, लिहा, या महिन्यात पैसे थोडे कमी येतील. खरी खुशाली त्या दुसऱ्या वाक्यात होती. तेव्हापासून कोणाचेही जुने पत्र हाती आले की आम्ही पहिली ओळ सोडून पुढची आधी वाचतो.

पुढच्या ओळींत काय आहे? प्रथम खाणे. उत्तरेच्या शिपायाचा शिधा म्हणजे पीठ आणि पाणी यांचे दगडासारखे कडक बिस्किट, खारवलेले डुकराचे मांस, घेवड्याचे दाणे आणि कॉफी. बिस्किट बंदुकीच्या दस्त्याने फोडावे लागे. ते कॉफीत बुडवले की आतले किडे वर तरंगत. ते काढून टाकायचे आणि कॉफी प्यायची. पोट भरण्यापुरते अन्न पुष्कळदा मिळे, पण भाजीपाला नसे. म्हणून पत्रांत कांदे, बटाटे, लोणी, वाळवलेली सफरचंदे यांची मागणी पुन्हा पुन्हा येते. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुनी जखम भरत नाही, असे लिहिणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या पोराला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. त्याच्या शरीराला ते कळत होते.

दुसरे, पाणी आणि शौच. हजारो माणसे एका माळावर महिनोन्‌महिने राहत. शौचासाठी चर खणावेत आणि रोज त्यांवर माती टाकावी, असा नियम होता. पण पुष्कळ पलटणींत तो कागदावरच राही. चर भरलेले, दुर्गंधी असह्य, म्हणून शिपाई मिळेल तेथे बसत. पाऊस पडला की सारे वाहून ओढ्यात जाई आणि त्याच ओढ्याचे पाणी कॉफीला येई. हगवण आणि आव यांच्या पंधरा लाखांहून अधिक नोंदी एकट्या उत्तरेच्या सैन्याच्या दप्तरात आहेत. विषमज्वर त्याच वाटेने आला. १८६२ च्या वसंतात मिसिसिपीतील कॉरिंथ या गावी दक्षिणेची फौज पडून होती. तेथले पाणी इतके वाईट होते की हजारो माणसे आजारी पडली, आणि मे महिन्याच्या अखेरीस जनरल बोरेगार्ड यांनी गाव सोडले त्या कारणांत हेही एक होते.

तिसरे, गोवर. हा लहान मुलांचा आजार, पण एकाकी शेतवाड्यांवर वाढलेल्या तरुणांना तो लहानपणी झालेलाच नव्हता. भरती होऊन ते प्रथमच हजार माणसांत आले, आणि पहिल्या काही महिन्यांतच पलटणीच्या पलटणी अंथरुणाला खिळल्या. त्यातून उठलेले कित्येक ओल्या जमिनीवर झोपून न्यूमोनियाने गेले. दक्षिणेकडच्या दलदलीत हिवताप होताच. त्यावर कोयनेल हे खरे औषध. परंतु नाकेबंदीमुळे दक्षिणेत ते दुर्मीळ झाले आणि झाडांच्या साली उकळून द्याव्या लागल्या.

डॉक्टरांविषयी या पत्रांत फार कडवट मजकूर आहे. तो सगळा न्याय्य नाही. रोगजंतूंचे शास्त्र अजून यायचे होते. लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख १८६७ चे, विषमज्वराचा जंतू दिसला तो १८८० साली. दूषित हवेने रोग होतो अशीच डॉक्टरांची समजूत होती. हगवणीवर अफू आणि पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल दिले जाई. त्या पाऱ्याने तोंड सडे, दात पडत. ‘लिटल विमेन’ लिहिणाऱ्या लुइसा मे अल्कॉट १८६२ च्या अखेरीस परिचारिका म्हणून वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात गेल्या, काही आठवड्यांतच विषमज्वराने पडल्या, आणि त्यांनाही हेच औषध मिळाले. १८६३ च्या मे महिन्यात उत्तरेचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी ते सैन्याच्या औषधांच्या यादीतून काढले, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांच्याविरुद्ध केवढे काहूर उठवले!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जंतू कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही काय केल्याने माणसे जगतात, हे कळू लागले होते. १८६१ च्या जूनमध्ये स्थापन झालेल्या आरोग्य कमिशनचे निरीक्षक छापील प्रश्नावली घेऊन छावण्यांत फिरले. चर किती अंतरावर आहेत, पाणी कोठून येते, तंबूत किती जण निजतात, भाजी मिळते काय, असे त्यांचे प्रश्न होते. गावोगावच्या स्त्रियांनी कांदे-बटाटे, मोजे, चादरी जमवून पाठवल्या. ज्या पलटणींत अधिकारी कडक होते आणि चर रोज बुजवले जात, तेथे आजार कमी पडत. याचा अर्थ स्पष्ट आहे. त्या मृत्यूंपैकी पुष्कळसे दैवाने आलेले नव्हते. ते अव्यवस्थेने आलेले होते. निरीक्षकांनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे शिपाई आपल्या आईला आणि बायकोला न विचारताच लिहीत होते. त्याच्या पत्राला आम्ही साध्या माणसाचा तपासणी-अहवाल म्हणतो तो यासाठी.

या अहवालात पगाराचे कलमही आहे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, तेही महिनोन्‌महिने थकलेले. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे शिपाई भरती झाले. त्यांतले बहुसंख्य आदल्या दिवसापर्यंत गुलाम होते, आणि गुलामाला अक्षर शिकवणे दक्षिणेच्या अनेक राज्यांत गुन्हा होता. पुष्कळांनी छावणीतच पाटीपुस्तक हाती घेतले. त्यांना पगार १० डॉलर ठरला, आणि त्यातून ३ डॉलर कपड्यांचे कापले जात, हाती ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घेण्याचेच नाकारले आणि वर्षभराहून अधिक काळ एक पैसाही न घेता लढाई केली. त्या पलटणीतील जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट अध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहिले. त्याचा प्रश्न सरळ होता: आम्ही शिपायाचे काम केले आहे, मग शिपायाचा पगार का नाही? १८६४ च्या जूनमध्ये अमेरिकन काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. गुडिंग तेव्हा अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत होता. तेथे ठेवलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० मेले. जुलैमध्ये तोही गेला. काळ्या पलटणींत तर रोगाने मेलेल्यांची संख्या लढाईत मेलेल्यांच्या दहापट होती. त्या देशाने गुलामगिरी मोडली याचे स्मरण ठेवून जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्या अर्पणपत्रिकेमागे ही सात डॉलरांची माणसेही उभी आहेत.

शेवटचे पत्र पुष्कळदा शिपायाच्या हातचे नसे. मृत्यूची बातमी घरी कळवण्याची सरकारी व्यवस्था नव्हती. मग तंबूतला सोबती, परिचारिका किंवा इस्पितळात येणारा एखादा परोपकारी मनुष्य ते काम करी. कवी वॉल्ट व्हिटमन जखमी भावाला शोधायला १८६२ च्या डिसेंबरात आले आणि पुढे वॉशिंग्टनच्या इस्पितळांत खाटेशेजारी बसून आजाऱ्यांची पत्रे लिहीत राहिले. आरोग्य कमिशनने इस्पितळांतल्या लाखो आजाऱ्यांची नोंदवही ठेवली, म्हणजे घरच्यांना आपला माणूस कोठे आहे हे विचारता यावे.

ही पत्रे आज ग्रंथालयांत आहेत. बेल वायली, जेम्स मॅक्फर्सन यांच्यासारख्या इतिहासकारांनी ती हजारोंनी वाचून ग्रंथ लिहिले. पण ती तेथवर पोचली ती घरातल्या बायकांनी पेटीत जपली म्हणून. ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा ज्यांच्या घरी जपायला पेटी नव्हती, त्यांचा अहवाल आपल्याला मिळालेला नाही.

म्हणून जाता जाता एक विनंती. आपल्याही घरांत पलटणीतून, गिरणीतून, गोदीतून, आखातातून आलेली पत्रे माळ्यावर पडलेली असतील. ती रद्दीत घालू नका. एखाद्या सुटीच्या दिवशी काढा, मुलांना जवळ बसवा आणि वाचा. ‘मी खुशाल आहे’ ही ओळ आली की थांबू नका. त्या माणसाला पाणी कसले मिळत होते, तो कोठे निजत होता आणि आजारी पडल्यावर त्याचा पगार चालू होता की बंद, हे पुढच्या ओळींत सापडते का ते पाहा.