ओत्रांतोचा महावृक्ष

इटलीच्या नकाशातील बुटाच्या टाचेवर, समुद्रकाठी ओत्रांतो हे चिमुकले नगर वसले आहे. तेथील कॅथेड्रल १०८८ सालचे. आत पाऊल टाकताच दृष्टी छताकडे न जाता जमिनीकडे वळते. पांतालेओने नावाच्या भिक्षूने ११६३ ते ११६५ या काळात रंगीत दगडी तुकड्यांनी तेथे एक महावृक्ष साकारला. दोन हत्तींच्या पाठीवर उभ्या या वृक्षाभोवती आदम-हव्वा आहेत, नोहाचे तारू आहे, राजा आर्थर आहे. बारा महिने आणि त्या त्या महिन्यांची शेतीकामेही आहेत. पंखधारी प्राण्यांच्या बळावर आकाशात निघालेला सिकंदर पाहून भारतीय प्रवासी क्षणभर थबकतोच. हत्ती मात्र आपल्या मंदिरांवरील हत्तींपुढे फिके, हे सांगितलेच पाहिजे.

उजवीकडच्या चॅपेलमध्ये हे कौतुक मावळते. १४८० साली ऑटोमन सैन्याने शहर जिंकल्यावर शिरच्छेद केलेल्या सुमारे ८०० नागरिकांच्या अस्थी तेथे काचेआड रचल्या आहेत. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. कवट्यांच्या त्या रांगांसमोर कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आम्हीही मुकाट्याने तटाकडे निघालो. आकाश निरभ्र होते. ज्या किनाऱ्यावरून ती जहाजे आली, त्या अल्बानियाचे डोंगर समुद्रापलीकडे स्पष्ट दिसत होते.