गोष्टीला गाव होतं तेव्हा

नव्या मालिकांचे प्रोमो सुरू झाले की मी आजही ते मन लावून बघते. यंदाही बघितले. गरीब पण मानी नायिका, श्रीमंत आणि तिरसट नायक, जिन्यावरून उतरणारी सासू, खाली तारीख आणि वेळ. यातल्या कितीतरी गोष्टी दुसऱ्या भाषेत आधीच चाललेल्या असतात. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून आली, ‘सहकुटुंब सहपरिवार’ ‘पांडियन स्टोर्स’वरून, ‘लाखात एक आमचा दादा’ ‘अण्णा’वरून, ‘लक्ष्मी निवास’ कन्नडमधून. त्यांत काम करणारी मंडळी आपली आहेत, मेहनती आहेत, आणि काही भाग मी आवडीने पाहिलेही आहेत. पण 2024 मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी (आजची झी मराठी) सुरू झाल्याला 25 वर्षं झाली, आणि तिची पहिली दहा वर्षं ज्यांनी जगून घेतली त्यांच्या मनाला हे प्रोमो लागतात.

त्याआधीच्या दूरदर्शनबद्दल मला फार सांगायचं नाही. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र सुरू झालं, ‘गजरा’ आला, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ आले. त्यावर जाणत्यांनी भरपूर लिहिलं आहे. पुढे ‘दामिनी’मध्ये प्रतीक्षा लोणकरची पत्रकार रोज घरी येऊ लागली. माझं प्रेम मात्र सुरू होतं ते अल्फा आली त्या 15 ऑगस्ट 1999 नंतर.

‘आभाळमाया’ ही अल्फाची पहिली रोजची मालिका. विनय आपटे यांचं दिग्दर्शन, अशोक पत्कींचं संगीत, देवकी पंडित यांच्या आवाजातलं शीर्षकगीत. ते कानावर पडलं की बाहेरच्या खोलीतली बोलणी थांबायची. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी प्राध्यापिका होती. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे कळल्यावरही ती कॉलेजात जायची, मुलींचं करायची, आणि तिच्या तोंडी कधी किंचाळणं आलं नाही. अशा बायका आमच्या चाळीत होत्या, शाळेत शिकवत होत्या. त्यांच्याबद्दल घरात उघड बोलायची सोय नव्हती. सुधामुळे ते बोलणं जेवणाच्या पंगतीत आलं.

तेव्हा रोजच्या मालिकेशेजारी आठवड्याच्या मालिकेलाही मानाची जागा होती. प्रतिमा कुलकर्णींच्या ‘प्रपंच’मध्ये समुद्रकाठचं घर होतं, सुधीर जोशी होते, आणि भांडणं अशी होती की दोन्ही बाजूंचं पटावं. ‘पिंपळपान’ मराठी कथा-कादंबऱ्या पडद्यावर आणायचं. ते बघून ग्रंथालयात पुस्तक मागायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’तून केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ घडवली: आबा, मुलगा-सून, दोन नातवंडं, एवढाच संसार. तिथे कुणी कुणाला विष घातलं नाही. वीज गेली, पाहुणे आले, मुलाचा निकाल लागला, एवढ्यावर एक भाग उभा राहायचा. इतक्या लहानशा प्रसंगातून अर्धा तास उभा करायला लेखक जबरदस्त लागतो, आणि तो आपल्याकडे होता. ‘अवंतिका’ मालिकेमागे स्नेहलता दसनूरकरांची कादंबरी होती. नाटकातून, दिवाळी अंकांतून आलेले हे लेखक होते, म्हणून पात्रांची बोली, आडनावं, राहायची जागा यांचा मेळ बसायचा.

दशकाच्या शेवटी सतीश राजवाडे यांच्या दोन मालिका आल्या. ‘असंभव’ने पुनर्जन्माची गोष्ट दोन काळांत गुंफली आणि ती सांगून झाल्यावर निरोप घेतला. स्टार प्रवाहवरच्या ‘अग्निहोत्र’मध्ये नाशिकचा वाडा होता, पांगलेलं कुटुंब होतं. विक्रम गोखले, मोहन जोशी, विनय आपटे, मुक्ता बर्वे अशी माणसं एका मालिकेत असायची, हे आजच्या विशीतल्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

त्याच दशकात रोगही लागला, आणि त्याचं नाव घ्यायला हवं. ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 मध्ये थांबली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या कामाबद्दल आदर ठेवूनच म्हणते, गोष्ट संपवायची गरज नसते हा धडा वाहिन्यांनी तिथे घेतला. पात्रं मरून परत आली, घरातली माणसं आलटूनपालटून वाईट झाली, आणि टीआरपी टिकला. मग साप्ताहिक वेळा एकेक करून बंद झाल्या. 2012 मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ऐन लोकप्रियतेत काही महिन्यांत संपवण्यात आली. तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी वारं फिरेल.

ते फिरलं नाही. मोठ्या नेटवर्कच्या वाहिन्या अनेक भाषांत आहेत. एका भाषेत चाललेली गोष्ट दुसरीकडे नेली की धोका कमी, नव्या लेखकावर पैसा लावायला नको. हिशेब म्हणून मला हे समजतं. पण 2019 मध्ये ‘आई कुठे काय करते’ आली तेव्हा मी चरकले. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत हे कळलेली, मग स्वतःच्या पायावर उभी राहणारी गृहिणी. मधुराणी प्रभुलकरने जीव ओतून काम केलं. पण ही गोष्ट बंगाली ‘श्रीमोयी’वरून घेतली होती. वीस वर्षांपूर्वी सुधा जोशी आपल्याच लेखकांनी घडवली होती, आणि तशाच बाईची गोष्ट आता आपण बाहेरून आणत होतो.

येत्या हंगामात मी सगळ्या नव्या मालिकांचा पहिला आठवडा बघणार आहे, कारण हे माध्यम मला सोडवत नाही. वाहिन्यांकडे माझं मागणं एवढंच: शनिवार-रविवारची एक वेळ मोकळी करा. मराठीतली एखादी कादंबरी घ्या, लेखकाचं नाव प्रोमोत मोठ्या अक्षरांत लावा, आणि पहिल्याच दिवशी सांगा की ही मालिका 26 भागांची आहे. सोलापूरची, सावंतवाडीची, नांदेडची, कुठलीही गोष्ट चालेल. फक्त ती त्या गावाबाहेर घडूच शकत नाही असं वाटू दे.