चिमट्याचे किडे : मित्र कोण व शत्रू कोण?

गंगाखेडास गोदाकाठच्या ओलसर वाळूतील दगड उलटावा, तर शेपटीस चिमटा असलेला लांबट किडा सापडण्याचा संभव असतो. तो माणसाच्या कानात शिरतो हा समज निराधार होय. या किड्यांच्या गणास चर्मपंखी म्हणतात. कारण पुढचे आखूड पंख चामड्यासारखे असतात.

या गणातील दोन कुळे शेतकऱ्याने ओळखावीत. पहिले लॅबिड्युरिडी. यातील फिकट तपकिरी किड्यास पॅलास याने १७७३ साली ‘रिपॅरिया’, म्हणजे काठावरचा, असे नाव दिले. तो रात्री हिंडून अळ्या व किड्यांची अंडी खातो. मादी बिळात अंडी घालून ती चाटून स्वच्छ ठेविते व राखते. दुसरे अनिसोलॅबिडिडी. यातील काळसर किड्यांस बहुधा पंख नसतात. तेही पुष्कळदा इतर किडे खातात; परंतु काही जाती भुईमुगाच्या कोवळ्या शेंगा पोखरून दाणे फस्त करितात.

म्हणून चिमटा दिसताच सरसकट विष घालणे आम्हांस इष्ट वाटत नाही. आधी किड्याचे पंख पाहावे, मग चार वेल उपटून शेंगा तपासाव्या. शेंगा शाबूत असल्यास त्या किड्यास पिकाचा बिनपगारी राखणदार समजावे.