हवेला तहान लावणारी पेटी

दहा किलो पिकलेली लाल मिरची वाळायला घातली, की हाती येते ती जेमतेम पावणेतीन किलो. उरलेलं सात लिटरांहून जास्त पाणी कुणी ओतलं नाही, कुणी पिळलं नाही, तरी अंगणातून निघून गेलं. विदर्भातल्या पवनी-भिवापूरच्या पट्ट्यात दर हिवाळ्यात हे घडतं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची पसरायच्या आणि देठ खुडायच्या मोकळ्या जागांवर, लाल रंगाचे सडे पडतात. ‘उन्हानं वाळली’ म्हणून आपण मोकळे होतो. पण पाणी ऊन नेत नाही, हवा नेते. घरच्या घरी वाळवणाची पेटी करायची तर एवढी एक गोष्ट मनात पक्की धरावी, बाकीचं सुतारकाम आहे.

वैनगंगेच्या काठावरची जानेवारीतली सकाळ घ्या. हवा १५ अंश सेल्सियस, दवानं जड, आर्द्रता ९० टक्के. अशा एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅम वाफ मावते आणि त्यातली बहुतेक जागा आधीच भरलेली असते. आता हीच हवा एका काळ्या पत्र्यावरून नेऊन ४५ अंशांपर्यंत तापवा. तिच्यातलं पाणी थेंबभरही कमी केलेलं नाही, पण ४५ अंशांना घनमीटरभर हवेत ६५ ग्रॅम वाफ मावते. त्यामुळे तिची आर्द्रता ९० टक्क्यांवरून एकदम १६ टक्क्यांच्या आसपास येते. मघाशी दवानं ओथंबलेली हवा आता राजस्थानच्या वाळवंटातल्यासारखी कोरडी झाली. मला तर हा निसर्गानं उघड्यावर ठेवलेला जादूचा प्रयोग वाटतो, आणि त्याला लागतं काय, तर पत्रा आणि काळा रंग.

पेटीचे भाग दोन. पहिला, तिरका उथळ खोका: तळाला बिनचकाकीचा काळा रंग दिलेला पत्रा, वर जुन्या खिडकीची काच, खालच्या तोंडाला हवा आत यायला फट. दुसरा, त्याच्या वरच्या टोकाला जोडलेलं प्लायवूडचं उभं कपाट: आत मच्छरदाणीच्या जाळीचे ट्रे आणि माथ्यावर हातभर उंचीचं धुराडं. सगळ्या फटींना जाळी, नाहीतर माश्या आणि मुंग्या आधी जेवून जातात.

काच दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची आणि चांगली उभट. पवनी साधारण २०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून ४६ अंशच वर येतो. काच आडवी ठेवली तर ऊन तिच्यावरून घसरत जातं. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ते सरळ अंगावर घेता येतं.

पंखा लागत नाही. १५ अंशांची हवा घनमीटरला सव्वा किलोच्या आसपास भरते, ४५ अंशांची त्याहून शंभरेक ग्रॅम हलकी. हलकी हवा धुराड्यातून वर निघते, तिची जागा भरायला खालून थंड हवा ओढली जाते आणि ओढ सुरू राहते ती सूर्य कलेपर्यंत. धुराडं जितकं उंच तितकी ओढ जास्त. ते बसवायचा कंटाळा करणारे बरेच असतात आणि मग मिरची वाळण्याऐवजी वाफाळते.

ही ओढ किती लागते, याचा हिशेब ऐकून माझा आ वासला होता. एक लिटर पाणी वाहून न्यायला अशी तापलेली हवा दीडशे-दोनशे घनमीटर लागते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा पाच ते सात खोल्या भरतील एवढी हवा एका लिटरसाठी! उष्णतेचा हिशेबही करून टाकू. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या युनिटाचे दोन तृतीयांश. विदर्भात चौरस मीटरवर दिवसाला पाचेक युनिट ऊन पडतं. घरगुती पेटीनं त्यातला तिसरा हिस्सा कामी लावला तरी पुष्कळ झालं. म्हणजे चौरस मीटरभर काचेमागे दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी आणि दहा किलो मिरचीला तीन-चार दिवस. त्याहून घाई करण्यात अर्थ नाही.

घाईचा तोटा मिरचीच्या सालीत आहे. साल मेणचट असते, पाणी सहजी सोडत नाही. सुरुवातीलाच भट्टीसारखी आच दिली तर वरचा थर आवळून कडक होतो आणि आतला ओलावा आतच अडकतो. मिरची पोकळ, त्या पोकळीत ऊब, ओल आणि बिया. बुरशीला आणखी काय हवं? बाहेरून खणखणीत दिसणारी मिरची फोडली की आत काळी निघते ती यामुळे. त्यातली अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष तयार करते, आणि ते विष कांडपातही जात नाही, फोडणीतही नाही.

मग किती वाळवलं म्हणजे पुरे? १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या विल्यम स्कॉट यांनी दाखवलं, की पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंच्या हाती लागू शकतं हे महत्त्वाचं. शुद्ध पाण्याला १ धरलं, तर हा आकडा ०.६ च्या खाली गेल्यावर कोणतीही बुरशी, कोणताही जिवाणू वाढत नाही. मिरचीत दहा टक्क्यांच्या आसपास ओल उरली की आपण तिथे पोचतो.

रंगाचं काय? मिरचीचा लाल रंग कॅप्सॅन्थिनचा, आणि तो उजेडानं आणि प्राणवायूनं विटतो. उघड्यावर फार दिवस राहिलेली मिरची पांढुरकी पडते. बाजारात तिला फटकी म्हणतात आणि भाव पाडतात. आपल्या कपाटात अंधार आहे, आत येते ती फक्त कोरडी हवा. सावजी रश्श्याचा रंग ज्यांना जिवापाड प्रिय आहे त्यांनी हे कपाट काचेचं करायच्या मोहात पडू नये. तिखटपणाची चिंता नको. तो बियांच्या नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गराच्या अंगी असतो आणि एवढ्याशा उष्णतेला दाद देत नाही.

एक प्रयोग जरूर करा. कपाटात दोन तापमापक टांगा, एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा. कोरडा ४५ दाखवेल तेव्हा ओला २४ च्या आसपास रेंगाळेल. एकाच कपाटात, वीतभर अंतरावर, वीस अंशांचा फरक! पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओली वस्तू गरम हवेतही थंड राहते. मिरचीही पहिल्या दिवशी अशीच स्वतःला सावरून धरते. पाणी सरत आलं की ती तापू लागते, आणि जपायचं ते तेव्हा.

हीच युक्ती मोठी करून महाराष्ट्रातल्याच मंडळींनी जगापुढे ठेवली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांनी विजेशिवाय चालणारा सौर वाळवणयंत्राचा नमुना घडवला. त्यात तापलेला धातूचा पत्रा खालूनही उष्णता देतो. २०१३ मध्ये त्याला डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंजचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्यांच्या एस-फॉर-एस टेक्नॉलॉजीजला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार. मराठवाड्यातल्या बायका अशा यंत्रांवर कांदा, आलं, टोमॅटो वाळवून विकतात. तिकडे नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या अजून आभाळाखालीच असतात आणि अवकाळी आला की व्यापारी ताडपत्र्या घेऊन धावतात.

आपल्या पेटीत उन्हाळ्यात मोहफुलं, कोहळ्याच्या वड्या, वैनगंगेतले झिंगेही वाळतील. झिंग्यांनंतर ट्रे धुवा, मोहफुलांना वास लागतो. संध्याकाळी मात्र खालची फट आणि धुराडं दोन्ही बंद करायचं. रात्रीची हवा थंड होऊन ९० टक्क्यांवर जाते आणि दिवसभर दिलेलं पाणी मिरची पुन्हा ओढून घेते. चौथ्या दिवशी मिरची कानाशी हलवा, बी खुळखुळायला हवं. मग थोडी काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि दुसऱ्या सकाळी बघा. काचेला आतून धुकं धरलं असेल, तर सगळीच पुन्हा अर्धा दिवस पेटीत.