किशोरवयाची कादंबरी आणि वाचकाचे तादात्म्य

प्रस्तावना

किशोरवय आणि कुटुंब यांवरील कादंबरी वर्गात वाचली गेली की ‘ही तर माझीच गोष्ट’ असा अभिप्राय विद्यार्थ्यांकडून हमखास येतो. अध्यापकाला तो सुखावतो. कारण पुस्तक परीक्षेपलीकडे पोहोचल्याची ती खूण असते. मात्र ‘ही माझी गोष्ट नव्हे’ असे वाटून जो विद्यार्थी गप्प बसतो, त्याचे काय, हा प्रश्न मागे उरतो. वाचकाच्या या व्यक्तिगत नात्याचे स्वरूप व मर्यादा तीन मराठी कादंबऱ्यांच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तादात्म्याची घडण

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळात घडते. निवेदक मुकुंद जोशी नववीत शिकतो. प्रेमाची पहिली ओढ, मित्रांचा कंपू, घरची माणसे आणि नरूमामा हे त्याचे जग आहे. आणीबाणीचा पुरता अर्थ त्याला लागत नाही; प्रौढ वाचकाला तो ठाऊक असतो. परिणामी वाचक एकाच वेळी मुकुंदही असतो आणि त्याच्याहून अधिक जाणताही असतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) हे अंतर निवेदकातच आहे. खानदेशातील सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग पंचविशीत पोहोचून मागे वळून पाहतो. वडिलांशी असलेला ताण, धाकट्या बहिणीचा मृत्यू, शिक्षणातील अपयश हे सारे तो सांगतो. पण त्याच्या सांगण्यातील उपरोध वाचकाला नुसते हळवे होऊ देत नाही. दोन्ही कादंबऱ्यांत प्रथमपुरुषी निवेदन वाचकाला जवळ ओढते, तर रचना त्याला थोडे दूर उभे करते.

तादात्म्याची मर्यादा

‘शाळा’तील शिरोडकर वाचकाला दिसते ती केवळ मुकुंदाच्या नजरेतून. तिच्या मनात काय चालले असेल, हे तिच्याकडून कळत नाही. विद्यार्थिनी ही कादंबरी वाचते तेव्हा तिने मुकुंदाशी एकरूप व्हावे की शिरोडकरच्या मौनाशी? ‘सर्वांचेच बालपण असे असते’ हे विधान येथे अपुरे ठरते.

उलट बाजूचे उदाहरण हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्ष्यात कोण घेतो!’ या कादंबरीचे देता येते. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुना बालपणापासूनची आपली कहाणी स्वतः सांगते. विवाह, सासर आणि वैधव्य हे तिच्या वाढीचे टप्पे आहेत. आजच्या विद्यार्थ्याच्या अनुभवाशी त्यांचे साम्य थोडे. तरीही यमुनेचे दुःख त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणजेच अनुभवाचे साम्य ही आकलनाची अनिवार्य अट नव्हे.

साधारणीकरणाचा विचार

या संदर्भात संस्कृत काव्यशास्त्र उपयुक्त ठरते. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या संकल्पनेनुसार काव्यातील भाव ‘माझा’ वा ‘त्याचा’ या बंधनातून मोकळा होतो. अभिनवगुप्ताने तर रसास्वादातील विघ्ने सांगताना स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे, हेही एक विघ्न मानले आहे. स्वतःची आठवण हे कादंबरीत शिरण्याचे दार असू शकते. परंतु वाचक दारातच थांबला तर त्याला कादंबरीऐवजी स्वतःचे प्रतिबिंबच दिसत राहील.

अध्यापनाच्या दृष्टीने

‘तुमच्याही घरी असेच होते का?’ हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतो. तथापि ज्या विद्यार्थ्याच्या घरी मारहाण, व्यसन वा दुरावा आहे, त्याच्यावर हा प्रश्न उघडे पडण्याची सक्ती करतो. त्याऐवजी ‘निवेदकाला हे का कळले नाही?’ किंवा ‘हाच प्रसंग आईने वा बहिणीने कसा सांगितला असता?’ असे विचारता येते. मग ज्याला बोलायचे नाही, तोही आपल्या अनुभवाच्या बळावर उत्तर देऊ शकतो. फक्त तो अनुभव त्याला चव्हाट्यावर मांडावा लागत नाही.

समारोप

‘माझीच गोष्ट’ या उद्गाराचे स्वागत अवश्य व्हावे. परंतु जी गोष्ट आपली नाही, तीही समजून घेण्याची क्षमता विद्यार्थ्यात निर्माण होणे, हे कादंबरीच्या अध्यापनाचे अधिक मोठे फलित होय.