मोंद्रागोनची शाळा आणि कारखाना

दहा जणांच्या पोटाला लागेल असा धंदा काढावयाचा म्हटले की पहिला प्रश्न भांडवलाचा निघतो. स्पेनच्या उत्तरेस बास्क मुलखात मोंद्रागोन नावाचे गाव आहे. तेथे आरंभ पैशाने झाला नाही, शाळेने झाला.

१९४१ साली होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता हे तरुण धर्मगुरू तेथे आले. यादवी युद्धाने गाव हलाखीस पोहोचले होते. फादरांची प्रवचने फारशी रंगत नसत म्हणे. परंतु १९४३ साली लोकवर्गणीतून त्यांनी तंत्रशाळा उघडली. पहिल्या वर्गात वीस मुले होती. त्यांतील काही जणांनी पुढे नोकरी सांभाळून अभियांत्रिकीची पदवी मिळविली. आपल्या कारखान्यात कामगारांनाही भागीदारी मिळावी, ही त्यांची मागणी मालकांनी नाकारली. तेव्हा १९५६ साली पाच जणांनी, गावकऱ्यांनी विश्वासाने दिलेल्या कर्जावर, ‘उल्गोर’ हा स्वतःचा कारखाना काढला आणि रॉकेलच्या शेगड्या बनविण्यास आरंभ केला. शाळा आणि कारखाना यांमध्ये तेरा वर्षे गेली. आपल्याकडे तेरा महिने थांबण्याचीही कोणाची तयारी नसते!

नियम मोजके होते. प्रत्येक सभासदाने भांडवल घालावयाचे आणि प्रत्येकास एकच मत. सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या तिपटीहून अधिक नसे. नफ्यातील वाटा रोख हाती पडत नसे. तो सभासदाच्या नावे जमा होई, निवृत्तीपर्यंत धंद्यातच खेळे. वाढीचे खरे मर्म मला येथे दिसते. १९५९ साली फादरांनी सहकारी पेढी सुचविली, ती या तरुणांना प्रथम पटली नाही. तथापि तीच पेढी गावाची बचत गोळा करून नव्या संस्थांना कर्ज देऊ लागली, आणि एकाचे अनेक कारखाने झाले.

पसारा वाढला तसा दुरावाही वाढला. १९७४ साली उल्गोरमध्ये संप झाला. म्हणजे मालकांनीच आपल्या कारखान्याविरुद्ध पुकारलेला! संपाचे पुढारी सभासदत्वास मुकले.

याच उल्गोरची वारस असलेली ‘फागोर’ ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ साली दिवाळखोरीत निघाली. भगिनीसंस्थांनी आधी पैसा ओतला, शेवटी हात आखडता घेतला. कारखाना त्यांनी वाचविला नाही. परंतु त्यातील बहुतेक सभासदांना आपापल्या कारखान्यांत सामावून घेतले.