सूट किती, हे पाहण्याआधी मूळ भाव कोणता ते विचारा



गळीत हंगामाची तयारी आणि दसरा-दिवाळी हे दोन्ही दरवर्षी एकाच सुमारास येतात. त्याच वेळी मोबाइलवर खरेदीचे मोठे महोत्सवही भरतात. फ्लिपकार्टचा 'बिग बिलियन डेज' २०१४ साली सुरू झाला. अॅमेझॉनचा 'ग्रेट इंडियन फेस्टिव्हल'ही आता घरोघरी माहीत झालेला आहे. पूर्वी बाजारहाट करायचा तर तालुक्याला जावे लागे. आता फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर, ताडपत्री, टीव्ही, मिक्सर असा सारा बाजार खिशात आला आहे. सोय झाली, यात शंका नाही. पण गटसभेत आम्हांला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, "साहेब, पासष्ट टक्के सूट लिहिलंय, ती खरी असते का हो?"

हा विषय ऊस विकास विभागाचा नव्हे, असे कुणी म्हणेल. पण दिवाळीला हातात येणारा पैसा हा वर्षभराच्या कष्टाचा असतो. त्यातूनच पुढच्या लागणीचे बेणे, खत आणि सोसायटीचा हप्ता भागवायचा असतो. तो पैसा नसलेल्या सवलतीपायी गेला, तर खोडव्याला खत द्यायच्या वेळी हात आखडतो. म्हणून ही माहिती थोडी सविस्तर देत आहोत.

जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव

आपल्याला आकड्यांची सवय नाही असे नाही. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली. हा आकडा ऐकून आपण लगेच तो वजनाने गुणून मोकळे होतो काय? नाही. आपल्या कारखान्याचा उतारा किती, तोडणी-वाहतूक किती वजा झाली, हे विचारतो आणि मगच हिशेब मांडतो. हीच चौकशी सवलतीच्या बाबतीत करायची. 'पासष्ट टक्के सूट' हा अर्धाच आकडा आहे. सूट कशावर, हा उरलेला अर्धा.

बहुतेक वेळा ती सूट छापील कमाल किंमतीवर, म्हणजे एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी ही वरची हद्द आहे. सर्व करांसह यापेक्षा जास्त घेता येणार नाही, एवढाच तिचा अर्थ. त्या किंमतीला वस्तू कधी विकली गेली असेलच, असे मात्र नाही. हद्द ठरवतो उत्पादक. ती मुळात उंच ठेवली की खालचा कुठलाही भाव मोठ्या सवलतीचा दिसतो. बांध चार फूट उंच घातला म्हणून विहिरीचे पाणी चार फूट वर येत नाही!

एक उदाहरण मांडून पाहू

समजा, पाठीवरच्या बॅटरी पंपावर ६,००० रुपये एमआरपी आहे. महोत्सवात तो २,१०० रुपयांना दाखवला आणि पुढे लिहिले, '६५ टक्के सूट'. हिशेब चुकीचा नाही, ६,००० तून ३,९०० वजा होतात. आता मागचे भाव बघा. जून, जुलै, ऑगस्ट हे तीन महिने तोच पंप २,००० रुपयांना मिळत होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाव २,८०० वर चढवला. महोत्सवाच्या दिवशी तो २,१०० वर आणला.

आता तीन माणसे तीन हिशेब सांगतील. एमआरपी पाहणारा म्हणेल, पासष्ट टक्के वाचले. आठ दिवसांपूर्वीचा भाव पाहिलेला म्हणेल, पंचवीस टक्के वाचले. तीन महिन्यांची नोंद ठेवणारा म्हणेल, पंप नेहमीपेक्षा शंभर रुपयांनी, म्हणजे पाच टक्क्यांनी महाग आहे. तिघांचेही गणित बरोबर. पण खिशाला लागू पडते ते तिसऱ्याचे.

युरोपीय संघाने या खेळीला नियमाने आळा घातला. २८ मे २०२२ पासून तिथे सवलत जाहीर करणाऱ्या विक्रेत्याला आधीची किंमत म्हणून निदान मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. हाच नियम आपण स्वतःपुरता पाळला तर कोण अडवणार आहे? एमआरपी विसरायची आणि मागच्या महिन्यातल्या सर्वांत कमी भावाशी आजचा भाव ताडून पाहायचा.

नेहमीच्या क्लृप्त्या

१) 'पर्यंत' हा शब्द. '८० टक्क्यांपर्यंत सूट' यात एखाद्या वस्तूला ऐंशी आणि बाकीच्यांना दहा असू शकते. आपल्याला हवी त्या वस्तूचा भाव उघडून पाहावा.

२) घाईचे घड्याळ. 'फक्त १० मिनिटे शिल्लक', 'शेवटचे २ नग' असे लाल अक्षरांत येते. खोटी घाई लावणे ही केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाची दिशाभूल आहे. त्या यादीत अशा एकूण तेरा युक्त्या दिल्या आहेत. न विचारता टोपलीत जादा वस्तू वा विमा घालणे आणि शेवटच्या पायरीवर नवे आकार लावणे, याही त्यात आहेत.

३) माप कमी, भाव तोच. लिटरऐवजी ८०० मिलिलिटर, पाच किलोऐवजी चार किलो. म्हणून भाव नेहमी किलोवर, लिटरवर किंवा मीटरवर आणून पाहावा. काट्यावर बसणाऱ्यांना हे सांगायला नको.

४) कराची कपात आणि दुकानदाराची सूट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक व तुषार संचावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी १,००,००० रुपये किंमतीचा ठिबक संच पूर्वी १,१२,००० ला पडे, तो १,०५,००० ला पडायला हवा. त्यापूर्वीच्या भावाशी तुलना करून "खास तुमच्यासाठी सात हजार कमी" असे कुणी म्हणाले, तर ते सात हजार कराचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. जुना भाव पाहताना ही तारीख लक्षात ठेवावी.

५) 'बिनव्याजी' हप्ते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. त्यामुळे 'नो-कॉस्ट' हप्त्यात व्याज असतेच, ते सवलत म्हणून किंमतीतून वळते केलेले असते. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र आपल्याकडून जातो आणि वर प्रक्रिया शुल्कही असू शकते. रोखीने घेतले तर किती आणि हप्त्याने एकूण किती, हे दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहावेत.

खताच्या बाबतीत विशेष

अनुदानित खत परवानाधारक विक्रेत्याकडे पॉस यंत्रावर नोंद करूनच विकले जाते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तर डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. यावर सरकार आधीच भरघोस अनुदान देते. तेव्हा 'निम्म्या किंमतीत युरिया, आधी पैसे पाठवा' असा संदेश व्हॉट्सअॅपवर आला, तर त्यात सवलत नाही, गळ आहे. शेती खात्याचा वा गट ऑफिसचा कर्मचारी असल्या संदेशावर पैसे मागणार नाही.

मागचे भाव कसे पाहावेत?

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आपली वही. घरात दिवाळीला काय घ्यायचे हे बहुधा पोळ्यापर्यंत ठरलेले असते. त्या वस्तूचे नाव, नेमका मॉडेल नंबर आणि विक्रेता लिहून दर रविवारी भाव टिपून ठेवावा. पर्जन्यमापकाची नोंद ठेवतो तशी. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढला तर तारखेसह पुरावाही राहतो. त्याच वेळी तालुक्याच्या दुकानातला भाव विचारून शेजारी लिहावा. बसवून देणे आणि दुरुस्तीची सोय धरता पुष्कळदा तेच दुकान परवडते.

दुसरा मार्ग, मागच्या भावाचा आलेख दाखवणारी संकेतस्थळे. कीपा, बायहटके अशी नावे यात आहेत. वस्तूची लिंक तिथे चिकटवली की भावाची चढउतार रेघेने दिसते. ती वाचताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, शेंडे पाहू नयेत, सपाट रेघ पाहावी. वस्तू बराच काळ ज्या भावाला स्थिर होती तोच तिचा खरा भाव. दुसरी, सर्वांत कमी भाव किती आणि तो किती दिवस टिकला. एका तासापुरता उतरलेला भाव हिशेबात धरू नये. तिसरी, एकदम उंच गेलेल्या रेघेने दचकू नये. नेहमीच्या विक्रेत्याकडचा माल संपला की दुसऱ्याचा चढा भाव तिथे दिसतो. चौथी, बँकेच्या कार्डाची सूट किंवा कूपन हे आलेखात बहुधा येत नाही. ते स्वतः वजा करून पाहावे लागते.

पाहताना फसू नये म्हणून

भाव तपासायला गेलो आणि बँकेचे खातेच उघडे टाकून आलो, असे होऊ नये. एवढी पथ्ये घरातल्या सर्वांनी पाळावीत.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नये. अक्षरे नीट वाचावीत, एका अक्षराचा फरक करून नकली दुकाने उभी राहतात. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह म्हणजे दुकान खरे असल्याचा दाखला नव्हे.

जुना भाव पाहायला मोबाइल नंबर, कार्ड नंबर किंवा ओटीपी यांतले काहीही लागत नाही. मागितले की तिथून निघावे.

ब्राउझरला जोडायची लहान साधने, म्हणजे एक्स्टेन्शन, शक्यतो घेऊ नयेत. त्यांतली पुष्कळशी 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची' परवानगी मागतात. ज्यावर बँकेचे व्यवहार करता, त्याच ब्राउझरला असली परवानगी देणे म्हणजे गोदामाची किल्ली वाटसरूच्या हाती देणे आहे. लिंक चिकटवून काम भागते.

व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल कधीही उघडू नये. अॅप लागलेच तर ते अधिकृत प्ले स्टोअरमधूनच घ्यावे.

भाव दाखवणारी बरीच संकेतस्थळे आपण त्यांच्यामार्फत खरेदी केली की कमिशन मिळवतात. त्यात गैर काही नाही, पण 'आत्ताच घ्या' हा त्यांचा सल्ला निःस्वार्थी धरू नये. आकडा त्यांचा पाहावा, निर्णय आपला घ्यावा.

आणि एक पक्के लक्षात ठेवा. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

फसवणूक झालीच तर

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे बंधन आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाही. खात्यातून पैसेच गेले असतील तर उद्यावर न टाकता तत्काळ १९३० वर कळवावे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. बिल, स्क्रीनशॉट आणि संदेश जपून ठेवावेत. काट्याची पावती जपता ना, तसेच.

शेवटी मुद्दा एवढाच. वस्तू लागणार असेल तर ती जरूर घ्यावी, ऑनलाइन स्वस्त मिळत असेल तर तिथूनच घ्यावी. पण घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मागच्या महिन्यात हिचा कमीत कमी भाव काय होता? सारे आकार धरून माझ्या खिशातून एकूण किती जाणार? आणि सूट नसती तर मी ही घेतली असती का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर शंभर टक्के बचत झाली समजा.

घरात शिकलेली मुलेमुली आहेत. त्यांना भावाची वही घालून द्या, हे काम ती आवडीने करतील. आडसालीच्या खर्चाचा मेळ बसवताना त्या वहीचा उपयोग होईल.

ऊस विकास विभाग